ओल्या माणसाला काही विचारू नये

पाऊस नसलेल्या मुलखात बसून पावसाची तयारी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या सुतारशाळेचा साहेब होता.

सौदीतल्या रास अल खैरला समुद्राचं खारं पाणी गोडं करतात. तिथल्या प्लांटात मी सुतार. खोकी ठोकायची, मचाणाच्या फळ्या कापायच्या, कुणाचं दार घासतंय, कुणाचं टेबल डुगडुगतंय, असली कामं. एका बाजूला समुद्र आणि बाकी नजर जाईल तिथवर वाळू. पाऊस म्हणजे वर्षाकाठी एखाददुसरी सर, तीही गाड्यांवर चिखलाचे ठिपके टाकून जाते. आणि हा माणूस सकाळी आला की आधी मोबाइल काढून आपल्या गावाला पाऊस किती झाला ते बघणार. भरपूर झाला असला की गडी खूश. रजेचा, ओव्हरटाइमचा कागद त्याच दिवशी पुढे सरकवायचा, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

तो वेल्सचा. इंग्रज म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. माझ्या खोलीतला हमीद, दाभोळचा पाइप फिटर, एकदा चहाच्या वेळी त्याला म्हणाला, "साहेब, वेल्स म्हणजे इंग्लंडच की."

साहेबानं कप खाली ठेवला. "तू केरळचा ना?"

"नाही हो. कोकणातला."

"समुद्र तोच. मासे तेच. भात तोच. केरळचाच तू."

हमीद तोंड वाकडं करून बसला. परत त्यानं तो विषय काढला नाही.

आमचं बोलणं म्हणजे खिचडी. थोडं इंग्रजी, थोडं मजुरांच्या कॅम्पातलं हिंदी, दोन-चार अरबी शब्द आणि उरलेलं हातांनी. इतकी वर्षं आखातात काढल्यामुळे त्याला सगळ्यांचं सगळं थोडंथोडं यायचं. मी इथं आपल्या भाषेत लिहितोय एवढंच.

बाकीचे साहेब मोठ्या गाड्यांतून फिरायचे. हा सायकलवर. मे महिन्यातसुद्धा. मानेभोवती ओला टॉवेल, हेल्मेटखाली ओलं फडकं, पायात बूट, आणि तोंडानं मोठ्यानं गाणं. गाणं त्याच्या भाषेतलं, आवाज करवतीसारखा. गेटवरच्या नव्या पहारेकऱ्यानं त्याला एकदा माळी समजून अडवलं, इकामा, म्हणजे इथलं ओळखपत्र, मागितला. दुसरा साहेब असता तर त्या पोराची नोकरी गेली असती. ह्यानं इकामा दाखवला आणि दिवसभर सगळ्यांना सांगत सुटला, "आज मला माळी समजले!"

तो चांगला होता असं मी म्हणतोय म्हणून देवमाणूस समजू नका. चिडका होता. दारात केसाएवढी फट दिसली की दार उचकटून बाहेर वाळूत फेकायचा. ढेकर द्यायचा आणि सॉरीही म्हणायचा नाही. माझं लोणचं मला न विचारता खुबुसाच्या रोटीवर थापून खायचा. अख्खी बरणी संपवली होती त्यानं एकदा. आमच्या हिनं घालून दिलेलं लोणचं ते. मी दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी.

तर त्याची पावसाची तयारी.

गावाला त्यांचं मेंढ्या पाळणाऱ्यांचं घर होतं. आईबाप गेलेले, थोरली बहीण एकटी सगळं बघायची. जमिनीवर दगडी बांधणीचे दोन जुने गोठे होते, एक वर रस्त्याला लागून आणि एक खाली नदीजवळ. ह्याला त्या गोठ्यांची घरं करायची होती. सुट्टीला सायकल घेऊन हिंडणारे लोक असतात त्यांच्याकडे, त्यांनी येऊन राहावं अशी घरं. बहिणीला ते पटत नव्हतं. शेजाऱ्याला दोन्ही गोठे विकत हवे होते आणि ती द्यायला तयार होती. शेवटी तिनं भावाला सांगितलं, "उन्हाळ्याच्या रजेत ये. काय करणार ते माझ्यासमोर उभा राहून सांग. आला नाहीस तर मी विकून मोकळी होते."

ह्या एका रजेवर त्याचा सगळा जीव होता. रजा मंजूर होती. जायच्या आधी त्याला एक खोली इथंच पुरती करून बघायची होती, म्हणजे बहिणीनं काहीही विचारलं तरी उत्तर तयार. सुतारशाळेच्या मागे पत्र्याची एक मोडकी पोर्टा केबिन पडली होती. मोठ्या यंत्रांबरोबर आलेल्या खोक्यांचं लाकूड फुकट जायचं. वरून परवानगी काढली आणि मला म्हणाला, "मिस्त्री, शुक्रवारी काय करतोस?"

"झोपतो."

"आता नाही झोपायचं."

गोठ्यांचं सगळं मला नंतर कळलं; तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की सायकलवर येणाऱ्या माणसांसाठी खोली करायची आहे. माप दिलं आणि तो कसल्याशा मीटिंगला दम्मामला गेला.

आता तुम्हीच सांगा. इथं सायकलवर कोण फिरतं? माळी, झाडूवाला, कॅम्पातला धोबी. मी म्हटलं, साहेब गावाला लेबर कॅम्प काढतोय. मेंढ्यांना मजूर लागत असतील. मग मी कॅम्पची खोली केली. एकावर एक दोन बंक. खाली पेटी सरकवायला जागा. डोक्याशी डबा टांगायला खुंटी, पायाशी बूट ठेवायला फळी. आणि खालच्या बंकला पडदा. कॅम्पात आम्ही सगळेच पडदा लावतो. एका खोलीत चार-सहा माणसं, प्रत्येकाचं ऊठबस वेगळं, एकाला ड्यूटी, एकाला झोप. पडदा ओढला की आत तुमचं राज्य. माझ्या बंकला आमच्या हिचं जुनं हिरवं लुगडं होतं. नमुना दाखवायला तेच काढून लावलं.

साहेब परत आला. दारात उभा राहिला. खोलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे काय?"

"कॅम्प, साहेब. तुमच्या मजुरांचा."

"कुठले मजूर?"

"सायकलवाले."

मग त्यानं मला मोबाइलवर त्याचे सायकलवाले दाखवले. डॉक्टर, वकील, मास्तरणी. घट्ट चड्ड्या घातलेल्या, चिखलानं बरबटलेल्या आणि हसणाऱ्या. घरी मोटारी असलेली माणसं. मी म्हटलं, आता हा बंक वाळूत जाणार. तो गुडघ्यावर बसला, खालच्या बंकात शिरला, बुटांसकट आडवा झाला आणि पडदा ओढून घेतला. मग आतूनच म्हणाला, "मिस्त्री, तू असाच राहतोस?"

"होय. एवढंच घर आहे इथं."

"पडदा ओढला की काय वाटतं?"

"घरी आल्यासारखं वाटतं. आणि काय वाटणार?"

तो बाहेर आला तेव्हा त्याचं ठरलं होतं. बंक राहणार, खुंट्या राहणार, पडदा तर राहणारच. फक्त दाराशी सायकल टांगायची सोय, चिखल धुवायची मोरी आणि ओले कपडे वाळवायला शेगडीची जागा, एवढं वाढवलं. मी केलेल्या चुकीवर त्याचं घर उभं राहिलं. तो हे मोठ्या साहेबांनाही सांगायचा, मी शेजारी उभा असताना. मला लाज वाटायची.

मग चाचणी. माणूस भिजून, चिखल घेऊन आला तर खोलीत कुठं काय ठेवेल हे त्याला बघायचं होतं. भिजायचं कुठं? प्लांटात जागोजागी अंगावर रसायन उडालं तर धुवायला शॉवर असतात. हा पठ्ठ्या सायकल घेऊन, बूट-हेल्मेटसकट त्याच्याखाली जाऊन उभा राहिला. साखळी ओढली. पाणी आलं आणि भोंगा वाजायला लागला. सेफ्टीवाला धावत आला, पाठोपाठ अँब्युलन्स.

"कुठं उडालं? काय उडालं?"

"काही नाही," साहेब म्हणाला. "पाऊस पडतोय."

त्याला ताकीद मिळाली. पुढच्या शुक्रवारपासून आम्ही गाड्या धुवायचा पाइप वापरायला लागलो. मी त्याच्यावर पाणी मारायचो, तो सायकलसकट भिजायचा आणि केबिनच्या दारात येऊन ठोठावायचा. मी आतला घरमालक. पहिल्या वेळी मी दार उघडून विचारलं, "नाव काय? कुठून आलात? किती दिवस राहणार?"

"चूक," म्हणाला. माघारी फिरला, परत येऊन ठोठावलं.

"या बसा. नाव काय?"

"चूक!" अंगावरचं पाणी टपटप वाळूत गळत होतं. "मिस्त्री, ओल्या माणसाला काही विचारायचं नाही. आधी आत घ्यायचं. बूट काढायचे. चहा द्यायचा. अंग वाळू द्यायचं. नाव उद्या."

हे त्याला कुणी शिकवलं तेही त्यानं सांगितलं. जवानीत तो असाच सायकलवर हिंडताना डोंगरात पावसात सापडला होता. ज्या दारात जाई तिथं लोक त्याच्या पायाखालचं पाण्याचं थारोळं बघायचे आणि जागा नाही म्हणायचे. एका म्हातारीनं दार उघडलं, काही न बोलता त्याला चुलीपुढं बसवलं. नाव तिनं दुसऱ्या दिवशी न्याहारीला विचारलं. "तेव्हापासून," तो म्हणाला, "मला तसलं एक दार करायचंय."

मी फोनवर आमच्या हिला हे सगळं सांगायचो. ती हसून लोळायची. "म्हंजे लोक पैशे देऊन भिजाया येतात? आमच्याकडं धाडा त्यास्नी, आषाढात फुकट भिजवते."

एकदा साहेब मागून येऊन फोनमध्ये डोकावला. हिनं पटकन पदर घेतला आणि मला म्हणाली, "ह्योच का माझं लोणचं खाणारा?" मी साहेबाला सांगितलं. त्यानं दोन्ही कान धरले. कुणाकडून शिकला होता कोण जाणे. मग त्यानं लुगड्याच्या पडद्याकडं बोट दाखवून, असले आणखी मिळतील का, विचारलं. ही म्हणाली, माप द्या. हमीद रजेवरून परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत हिनं जुन्या लुगड्यांचे शिवलेले पडदे होते, काठ जुळवून, खाली दुहेरी पट्टी मारून. साहेब ते हातात धरून उन्हात उभा राहिला. मग केबिनमध्ये गेला आणि स्वतः लावले. मला हात लावू दिला नाही.

त्याची रजा जवळ आली आणि माझ्या मुलीचा फोन आला. "बाबा, आईला रत्नागिरीला आणलंय. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात तुम्हाला बोलवून घ्या."

तेव्हा शटडाउन लागलेलं. वर्षातून एकदा प्लांट थांबवून दुरुस्ती करतात, त्या दिवसांत रजा सगळ्यांच्या बंद. साहेबाची रजा तेवढी मंजूर, कारण मागे मी होतो. दोघांपैकी एकानं सुतारशाळेत राहायचं हा नियमच होता. हे सगळं मला माहीत होतं, पण त्या वेळी डोक्यात काही शिरत नव्हतं. मी फोन खिशात टाकला आणि कामाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. करवत हातात, फळी पुढं, पण हात चालेना.

साहेबानं बघितलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. मला स्टुलावर बसवलं, खाली वाकून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बाजूला ठेवले. सुलेमानी आणून हातात दिला. माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिला, भुशात. चहा संपल्यावर मीच सांगितलं.

तो उठला, सायकलवर टांग मारून ऑफिसला गेला. परत आला तो म्हणाला, "तुझं एक्झिट री-एंट्री होतंय, जाऊन परत यायचा परवाना. यल्ला, सामान भर."

"आणि तुमची रजा?"

"बहिणीचा फोन होता. मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस आहेत, तिला वेळ नाही. नंतर ये म्हणाली. खलास, जा."

मी खरं मानलं.

ही बोलण्याइतपत शुद्धीत होती मी पोचलो तेव्हा. ते दिवस मला मिळाले. तिच्या उशाशी बसलो, केस विंचरले तिचे, आयुष्यात पहिल्यांदा. एवढी वर्षं आखातात काढली, बायकोचे केस कसे सुटतात ते तेव्हा कळलं. एका दुपारी तिनं विचारलं, "त्या गोऱ्यानं पडदे लावले का?"

"लावले."

"आखूड नाय ना झाले?"

"नाय."

"मग बरं," म्हणाली आणि डोळे मिटले. गेली ती नंतर, पण माझ्याशी शेवटचं धड बोलणं ते.

तेरावं झालं आणि मी परत आलो. लोक म्हणाले थांब. थांबून काय करू? घरातल्या प्रत्येक भांड्याला तिचा हात लागलेला. कॅम्पात आलो तर आपली माणसं भोवती जमली. कधी कळलं? डॉक्टर कोण होता? मुंबईला का नाही नेलं? लोक वाईट नसतात. आपल्यात असंच विचारतात. पण प्रत्येकाला सांगताना मी तिला परत एकदा मारत होतो.

साहेबानं विचारलं नाही. स्टूल ओढलं, चहा दिला, मग एक फळी पुढं सरकवली. "ह्याला रंधा मार." मी दिवसभर रंधा मारला. फळी पातळ होऊन गेली. त्यानं दुसरी आणून ठेवली.

संध्याकाळी खोलीवर आलो तर माझ्या बंकवर ते पडदे. धुतलेले, इस्त्री केलेले, घडी घातलेले. दुसऱ्या दिवशी मी ते उचलून त्याच्याकडे नेले.

"तिच्या हातचे आहेत," तो म्हणाला. "तुझे आहेत."

"तिनं तुमच्या मापानं शिवलेत. माझ्या बंकला मोठे होतात. आखूड नाहीत ना, विचारत होती."

त्यानं पडदे घेतले, केबिनमध्ये जाऊन लावले.

पुढच्या शुक्रवारी साहेबाच्या बहिणीचा व्हिडिओ फोन आला. ती नेहमी मेंढ्या दाखवायची, त्या दिवशी गोठा दाखवत होती, वरचा, रस्त्याकडचा. छपराचं काम चाललेलं. मी शेजारून मोडक्या इंग्रजीत विचारलं, नदीजवळचा दाखवा की.

"तो आता आमचा नाही," ती म्हणाली. "हा आला नाही रजेला. मी सांगितलं होतं तसं केलं. फोनवरून मला ती पडदेवाली खोली दाखवत बसला, म्हणून हा वरचा एक तरी ठेवला."

"पण तुम्हीच नंतर या म्हणालात ना? लोकर कातरायची होती..."

ती हसली. "लोकर कातरायला हा कशाला हवा? ह्याला मेंढी धरतासुद्धा येत नाही."

साहेब खिळ्यांचा डबा हलवत बसला होता. खिळे निवडल्यासारखं करत होता. फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "साहेब, खोटं बोललात."

"होय."

"नदीकडचं घर गेलं तुमचं. मला सांगायचं तरी."

"तू ओला होतास, मिस्त्री," तो म्हणाला, आणि डबा घेऊन आत गेला.

मला आभार मानता येत नाहीत. आमच्यात तशी रीत नाही. मी त्या शुक्रवारी त्याच्या घरासाठी खुंट्या केल्या, जेवढं चांगलं लाकूड हाताशी होतं तेवढ्याच्या. तो कायमचा परत निघाला तेव्हा कपडे त्यानं कॅम्पात वाटून टाकले आणि बॅगेत खुंट्या आणि पडदे भरले. विमानतळावर अडवतील म्हटलं तर म्हणाला, "अडवू देत. घर नेतोय म्हणून सांगेन."

मी अजून इथंच आहे. हमीद खोलीत आहे, लोणचं आता मुलगी पाठवते, तिच्या आईसारखं होत नाही. माझ्या बंकला ते हिरवं लुगडं आहे. नव्या साहेबाला पावसाचं काही देणंघेणं नाही.

शुक्रवारी त्याचा फोन येतो. बोलणं फार नसतं. तो फोन खिडकीला टेकवून ठेवतो आणि मी इथं उन्हात बसून त्याच्याकडचा पाऊस बघतो. मागच्या खेपेला धो धो लागला होता. मग त्यानं फोन आत वळवला. दाराशी एक सायकल टांगलेली, तिच्यातून पाणी गळतंय. माझ्या खुंटीवर ओला कोट. शेगडी पेटलेली, तिच्यापुढं चिखलाचे बूट. आणि खालच्या बंकचा पडदा ओढलेला. जांभळ्या लुगड्याचा, मी आणलं होतं ते तिला, पहिल्या रजेला. काठाला काठ लागलेला, खाली कुठं आखूड नाही.

"कोण आलंय?" मी विचारलं.

साहेबानं पडद्याकडं बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"ठाऊक नाही. भिजून आलाय. अजून विचारलं नाही."